मसलत आणि मर्जी : अरब राजघराण्यांत सत्ता एका हाती कशी गेली?

मागच्या महिन्यात मंडळाच्या अभ्यासवर्गात मी हा विषय मांडायला घेतला, तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला एका मैत्रिणीने मला अडवलं. ती म्हणाली, "अगं, राजा म्हटला की एकाचीच सत्ता आली ना? मग राजेशाहीत एकाधिकारशाही वाढली म्हणजे नेमकं काय वाढलं? मीठ आणखी खारट झालं म्हणण्यासारखंच आहे हे." सगळे हसले, मीही हसले. पण मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

विषय दूरचा वाटेल, पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात तो रोज येतो. बेळगाव-खानापूर भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतला एकजण तरी 'गल्फ'ला असतो. माझे काका १९९२ पासून कुवेतमध्ये आहेत. रविवारचा मिस्सा ते शुक्रवारी ऐकतात, कारण तिथे सुट्टी शुक्रवारी. तिथल्या राजकारणाबद्दल विचारलं की ते फोनवर सांगतात, "इथं ऊन फार आहे गं." त्यामुळे 'तिथे निर्णय कोण घेतं' हा प्रश्न माझ्यासाठी परीक्षेपुरता नाही.

उत्तरासाठी आपल्या मराठीतलेच दोन शब्द घेऊ : मसलत आणि मर्जी. दोन्ही मूळचे अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले. मसलत म्हणजे चारजणांनी बसून केलेला विचार. मर्जी म्हणजे एकाचं मन. मर्जी बसते, मर्जी फिरते, मर्जी 'खप्पा' होते; कशी आणि का, ते विचारायची सोय नसते. गेल्या पंचवीस वर्षांत अनेक अरब राजसत्तांचा प्रवास मसलतीकडून मर्जीकडे झाला आहे, असं मला म्हणायचं आहे.

जुनी व्यवस्था : राजा एक, मालक अनेक

सौदी अरेबियाचं उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. अब्दुलअझीझ इब्न सौद यांनी १९०२ मध्ये रियाध घेतलं आणि १९३२ मध्ये राज्याची घोषणा केली. १९५३ मध्ये ते वारले. त्यानंतर आजवर त्यांचेच सहा मुलगे एकामागून एक राजे झाले : सौद, फैसल, खालिद, फहद, अब्दुल्ला आणि आताचे सलमान. म्हणजे सत्ता बापाकडून मुलाकडे जात नव्हती, भावाकडून भावाकडे जात होती. वारसा उभा न जाता आडवा जात होता म्हणा ना.

याचा परिणाम साधा होता. राजाला माहीत असायचं की आपल्यानंतर आपला मुलगा नाही, आपला भाऊ बसणार आहे. त्यामुळे भावांना दुखवून राज्य करता येत नसे. त्यातून हळूहळू खात्यांची वाटणीच झाली. संरक्षण खातं सुलतान यांच्याकडे १९६० च्या दशकापासून थेट २०११ पर्यंत होतं. गृहखातं नाएफ यांच्याकडे १९७५ ते २०१२. नॅशनल गार्ड ही सैन्याबाहेरची वेगळी फौज अब्दुल्ला यांच्याकडे. रियाधचं राज्यपालपद जवळजवळ पन्नास वर्षं सलमान यांच्याकडे. प्रत्येकाकडे स्वतःचा पैसा, स्वतःची माणसं आणि काहींकडे तर स्वतःच्या बंदुका. एका छताखाली चार चुली, असा तो संसार होता.

या घराला राजालाही उतरवता येत होतं. राजे सौद यांचा कारभार उधळपट्टीचा होता आणि ते आपल्या मुलांना मोठ्या पदांवर बसवू लागले होते. नोव्हेंबर १९६४ मध्ये भावांनी आणि उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, मिळून त्यांना पायउतार केलं आणि फैसल यांना राजा केलं. इथे उलेमांचा भाग महत्त्वाचा आहे. सौद घराणं आणि धर्मसुधारक मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांच्यात १७४४ मध्ये झालेल्या करारावर ही सत्ता उभी होती. म्हणजे राजावर घराचा एक लगाम होता आणि धर्मपीठाचा दुसरा.

अमेरिकन अभ्यासक मायकेल हर्ब यांनी १९९९ मधल्या आपल्या 'ऑल इन द फॅमिली' या पुस्तकात यावरच बोट ठेवलं. इजिप्तचा राजा १९५२ मध्ये गेला, इराकचा १९५८ मध्ये, लिबियाचा १९६९ मध्ये. मग आखातातले राजे कसे टिकले? फक्त तेलामुळे? तेल तर इराककडेही होतं आणि लिबियाकडेही. हर्ब यांचं म्हणणं असं की जिथे राजघराण्यातली माणसं मंत्रिपदांपासून फौजेपर्यंत सगळीकडे बसलेली होती, तिथे राजेशाही टिकली, कारण ती एका माणसाची उरली नव्हती. एकाला गोळी घातली तरी घर उभं राहत होतं. १९७५ मध्ये राजे फैसल यांचा पुतण्यानेच खून केला, तरी सत्तेला तडा गेला नाही.

तर माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे : राजेशाहीत सत्ता नेहमी एकाचीच असते असं नाही. ती एका घराची असू शकते. आणि घरात भांडण असतं, म्हणून घरात मसलतही करावी लागते.

२०१५ ते २०२२ : चार चुलींची एक चूल

जानेवारी २०१५ मध्ये सलमान राजे झाले. त्यांनी आपले तरुण चिरंजीव मुहम्मद बिन सलमान यांना संरक्षणमंत्री केलं, तेव्हा ते तिशीच्या आत होते. दरबाराची कचेरी आणि नवं आर्थिक मंडळही त्यांच्याकडे दिलं. पुढचा क्रम तारखांसह पाहा, कारण यात प्रत्येक पायरी वेगळी आहे.

पहिली पायरी वारशाची. एप्रिल २०१५ मध्ये युवराज मुकरिन यांना, म्हणजे राजाच्या भावाला, बाजूला करून पुतण्या मुहम्मद बिन नाएफ यांना युवराज केलं. २१ जून २०१७ रोजी त्यांनाही हटवलं आणि राजपुत्र मुहम्मद युवराज झाले. यासाठी राजे अब्दुल्ला यांनी २००६ मध्ये स्थापलेलं एक निष्ठामंडळ होतं. वारस ठरवताना संस्थापकाच्या सगळ्या शाखांनी मसलत करावी, हा त्याचा हेतू. २०१७ मध्ये त्यातल्या ३४ पैकी ३१ जणांनी होकार दिल्याचं जाहीर झालं. मसलतीची खोली तशीच राहिली, पण तिचं काम ठरलेल्या गोष्टीवर शिक्का मारण्याचं झालं.

दुसरी पायरी बंदुकांची. जुलै २०१७ मध्ये गृहखात्यातून सुरक्षा आणि गुप्तवार्ता विभाग काढून थेट राजाच्या हाताखाली नेले. उरली होती नॅशनल गार्ड. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी तिचे प्रमुख मितेब बिन अब्दुल्ला यांनाही हटवलं. संरक्षण आधीपासून युवराजांकडेच होतं. तिन्ही फौजा आता एकाच दारात आल्या.

तिसरी पायरी पैशाची. त्याच ४ नोव्हेंबरच्या दिवशी भ्रष्टाचारविरोधी समिती नेमली गेली, अध्यक्ष स्वतः युवराज. काही तासांत राजपुत्र, मंत्री आणि मोठे व्यापारी पकडले गेले. त्यांना ठेवलं रियाधच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात. त्यांत अब्जाधीश राजपुत्र अलवलीद बिन तलालही होते. तडजोडीतून ४०० अब्ज रियालांहून अधिक मालमत्ता वसूल झाल्याचं सरकारने सांगितलं. भ्रष्टाचार होता का? होता, भरपूर होता, आणि सामान्य सौदी माणसाला या कारवाईचा आनंदही झाला. पण उघडा खटला नाही, पुरावा लोकांसमोर नाही, अपील नाही. न्याय झाला की वसुली, हे सांगायचा अधिकारही एकाकडेच राहिला.

चौथी पायरी धर्मपीठाची. एप्रिल २०१६ मध्ये धर्मपोलिसांचा अटकेचा अधिकार गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये सलमान अल-औदा यांच्यासारखे लोकप्रिय धर्मोपदेशक तुरुंगात गेले. २०२२ पासून २२ फेब्रुवारीला 'स्थापना दिन' साजरा होऊ लागला आणि राज्याचा आरंभ १७४४ ऐवजी १७२७ पासून मोजला जाऊ लागला. सतरा वर्षं मागे गेलं की तो धर्मपंडिताबरोबरचा करार आरंभाच्या गोष्टीतून आपोआप बाहेर पडतो. इतिहासाची तारीख बदलणं हेसुद्धा सत्तेचंच काम असतं, हे आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावं.

मार्च २०२० मध्ये राजाचे सख्खे भाऊ अहमद आणि माजी युवराज मुहम्मद बिन नाएफ यांना अटक झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये राजपुत्र मुहम्मद पंतप्रधान झाले. १९९२ च्या मूलभूत कायद्याप्रमाणे ते पद राजाचं असतं, म्हणून खास अपवाद करण्यात आला.

'पण सुधारणा झाल्याच ना?'

अभ्यासवर्गात हा प्रश्नही आला, आणि तो टाळता येणार नाही. जून २०१८ पासून सौदी बायका गाडी चालवू लागल्या. त्याच वर्षी चित्रपटगृहं पुन्हा उघडली. आज कितीतरी मुली नोकऱ्या करताहेत. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे सौदी नागरिकांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक तिशीच्या आतले आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना म्हाताऱ्या काकांच्या मसलतीपेक्षा हा तरुण राजपुत्र आपला वाटतो. जुन्या मसलतीत बायका नव्हत्या, सामान्य माणूस नव्हता, शिया नव्हते, परदेशी मजूर तर नव्हतेच. ती लोकशाही मुळीच नव्हती. तिचं गुणगान करायला मी हा लेख लिहीत नाही.

पण एक तारीख बघा. गाडी चालवण्याची परवानगी जून २०१८ मध्ये अमलात आली. त्याच्या एक महिना आधी, मे २०१८ मध्ये, जिने ही परवानगी वर्षानुवर्षं मागितली होती त्या लुजैन अल-हथलूल हिला तिच्या काही सहकाऱ्यांसह अटक झाली. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली. मागणी मान्य आणि मागणारी आत! यातून लोकांना काय कळावं? की ही गोष्ट तुम्ही मागितली म्हणून मिळालेली नाही, आम्ही दिली म्हणून मिळाली आहे. 'हक्क' हाही मूळचा अरबी शब्द. हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक इथे दिसतो. मेहेरबानी हक्कापेक्षा मोठीही असू शकते, पण ती परत घेता येते.

आणि एकाच्या मनावर चाललेल्या राज्यात चूकही मोठी होते. मार्च २०१५ मध्ये येमेनचं युद्ध सुरू झालं, ते काही आठवड्यांत संपेल अशी अपेक्षा होती. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ च्या अखेरपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज ३ लाख ७७ हजार असा मांडला. त्यातले निम्म्याहून अधिक भूक, रोगराई आणि औषधपाण्याअभावी गेलेले. जुन्या घरात काका मंडळी फार हळू चालत, हे खरं. पण 'थांब' म्हणणारा कुणीतरी असायचा.

एका लेखकाची दारं

हा फरक मला सर्वांत नीट समजला तो जमाल खाशोगी यांच्या आयुष्यावरून. ते पत्रकार होते. २००३ मध्ये त्यांना 'अल-वतन' या सौदी वृत्तपत्राच्या संपादकपदावरून काढलं, कारण धर्मपंडितांवरची टीका त्यात छापली गेली होती. मग ते गेले कुठे? राजपुत्र तुर्की अल-फैसल यांच्याकडे. तुर्की लंडनला आणि नंतर वॉशिंग्टनला राजदूत असताना खाशोगी त्यांचे सल्लागार होते. २००७ मध्ये ते 'अल-वतन'मध्ये परतले, २०१० मध्ये पुन्हा बाहेर पडले. पुढे त्यांना बोलावलं राजपुत्र अलवलीद यांनी, नव्या वृत्तवाहिनीसाठी. ती २०१५ मध्ये एका दिवसात बंद पडली, तो भाग वेगळा.

या गोष्टीत काय दिसतं? एका राजपुत्राचं दार बंद झालं की दुसऱ्याचं उघडं असायचं. हे स्वातंत्र्य नव्हतं, पण आडोसा होता. सत्ता अनेकांकडे असली की लेखकाला मध्ये उभं राहायला फट सापडते. २०१७ पर्यंत ती फट बुजली. खाशोगी अमेरिकेला गेले आणि आडोसा देणारे अलवलीद स्वतःच हॉटेलात कैद झाले. २ ऑक्टोबर २०१८ रोजी लग्नाच्या कागदपत्रांसाठी खाशोगी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत गेले आणि तिथेच त्यांचा खून झाला. अमेरिकन गुप्तचर खात्याने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अहवालात या मोहिमेला युवराजांची मंजुरी होती असा निष्कर्ष काढला. सौदी सरकारने तो फेटाळला.

कवींचीही तीच कथा आहे. कतारचे कवी मुहम्मद अल-अजमी यांना कवितेवरून २०१२ मध्ये जन्मठेप झाली. अपिलात ती १५ वर्षांवर आली आणि २०१६ मध्ये अमिराने माफी दिल्यावर ते सुटले. कविता तीच, कवी तोच. तुरुंगात जाणंही मर्जीचं, सुटणंही मर्जीचं. अमिरातीतले कवी आणि अभियंते अहमद मन्सूर यांना समाजमाध्यमांवरच्या लिखाणासाठी २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

शेजारची घरं

हे फक्त सौदीतच घडलं का? नाही. पण सगळीकडे एकसारखंही घडलं नाही.

जॉर्डनमध्ये संविधान आहे, संसद आहे, निवडणुका होतात. पूर्वी राजाच्या आदेशावर पंतप्रधान आणि संबंधित मंत्र्यांची सही लागे. २०१४ च्या दुरुस्तीने लष्करप्रमुख आणि गुप्तचर प्रमुख यांची नेमणूक एकट्या राजाकडे गेली. २०१६ मध्ये युवराज, वरिष्ठ सभागृह, संविधान न्यायालयाचे अध्यक्ष अशा नेमणुकाही त्या सहीशिवाय करता येऊ लागल्या. सगळं कायद्याने, संसदेच्याच मतदानाने. राजाचे सावत्र भाऊ हमजा एकेकाळी युवराज होते. २००४ मध्ये त्यांचं पद काढून घेतलं, पुढे ते राजाच्या मुलाला मिळालं आणि २०२१ मध्ये हमजा नजरकैदेत गेले.

अबू धाबीत २०२२ मध्ये मुहम्मद बिन झायेद आपल्या भावानंतर राज्यकर्ते झाले, पण २०२३ मध्ये त्यांनी युवराज नेमला तो आपला मुलगा. म्हणजे आडवा वारसा इथेही उभा झाला. ओमानची वाट जरा वेगळी. १९७० पासून पन्नास वर्षं राज्य केलेल्या सुलतान काबूस यांनी त्यातला बहुतेक काळ पंतप्रधानपद, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थ ही खाती स्वतःकडेच ठेवली होती. २०२० मध्ये आलेल्या सुलतान हैसम यांनी उलट काही खाती इतरांना दिली. युवराजपद मात्र २०२१ मध्ये त्यांनीही थोरल्या मुलालाच दिलं.

आणि काकांचं कुवेत. आखातात सर्वांत बोलकी संसद कुवेतची होती. १९६२ चं संविधान, ५० निवडून आलेले सदस्य. मंत्र्याला सभागृहात उभं करून प्रश्न विचारायच्या पद्धतीला तिथे 'इस्तिजवाब' म्हणतात. आपला 'जबाब' त्यातच बसलेला आहे. जानेवारी २००६ मध्ये या सभागृहाने मतदान करून आजारी अमिरालाच पदावरून दूर केलं होतं. पण पुढे संसद आणि सरकार यांच्या भांडणात काम ठप्प होऊ लागलं. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२४ या काळात चार निवडणुका झाल्या. लोक कंटाळले होते, हे मान्य करायला हवं. १० मे २०२४ रोजी अमीर मिशाल यांनी नुकतीच निवडून आलेली संसद पहिली बैठक होण्याआधीच विसर्जित केली आणि संविधानातली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. युवराजाच्या नावाला सभागृहाची मंजुरी लागते असं संविधान सांगतं. जून २०२४ मध्ये नवा युवराज नेमला, तेव्हा मंजुरी द्यायला सभागृहच नव्हतं. त्यानंतर हजारो लोकांचं नागरिकत्व रद्द झालं. त्यांत कुवेती माणसाशी लग्न करून तिथल्या झालेल्या अनेक स्त्रिया होत्या.

तर काय वाढलं?

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत येते. राजा आधीही होता, आताही आहे. वाढलं ते एकटेपण. भाऊ, धर्मपीठ, संसद, दुसरी फौज, दुसऱ्या राजपुत्राचं दार, यांपैकी कुठलीच गोष्ट लोकशाही नव्हती (कुवेतची संसद थोडीफार सोडली तर). पण त्यांतल्या प्रत्येकीपुढे राजाला थोडंतरी थांबावं लागत होतं. एकेक करून ती थांबण्याची ठिकाणं गेली. गंमत म्हणजे प्रत्येक वेळी कारण चांगलं होतं : भ्रष्टाचार हटवायचा, कट्टर धर्मपंडितांना आवरायचं, ठप्प संसद बाजूला सारायची. कारणं खरीही होती. म्हणूनच लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हर्ब यांच्या युक्तिवादातून एक प्रश्न उरतो. घराची सत्ता होती म्हणून घर टिकलं असेल, तर घर रिकामं करून एकट्याने राहणाऱ्या राजाचं पुढे काय? याचं उत्तर काळ देईल.

गेल्या शुक्रवारी मिस्साहून आल्यावर काकांचा फोन आला. मी हा लेख लिहितेय म्हटल्यावर ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "लिही. पण माझं नाव नको घालू हां." तुमच्या लक्षात आलं असेल, मी ते घातलेलं नाही. काकांनी आयुष्यात कधी कुवेतच्या राजकारणाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, तरी त्यांना ही काळजी घ्यावीशी वाटली. मर्जीच्या राज्यात राहणं म्हणजे काय, याचं माझ्याकडचं सर्वांत जवळचं उदाहरण हेच आहे.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. हक्क म्हणून मिळालेली सुधारणा आणि मेहेरबानी म्हणून मिळालेली सुधारणा, यांत रोजच्या जगण्यात काय फरक पडतो?

२. ठप्प झालेली संसद आणि नसलेली संसद, यांपैकी कमी वाईट कोणती? तुमचं उत्तर कुवेतमधल्या नागरिकासाठी आणि तिथल्या परदेशी कामगारासाठी एकच असेल का?

३. खाशोगींना मिळालेला 'आडोसा' हे स्वातंत्र्य नव्हतं, असं वर म्हटलं आहे. तुम्हाला ते पटतं का?